माप कोणाचे?

उसाच्या फडात, रस्त्याच्या कामावर, वीटभट्टीवर नाहीतर कापसाच्या वेचणीत राबणारी बाई पाहिली, की तिच्या साडीवर चढवलेला पुरुषी शर्ट दिसतो. नवऱ्याचा किंवा भावाचा, पूर्ण बाह्यांचा, कॉलर विरलेला. पात्याने हात चिरू नयेत, उन्हाने भाजू नयेत, पदर लोंबून कशात अडकू नये, एवढ्यासाठी तो असतो. डोक्याला टॉवेल आणि त्याचेच टोक नाकातोंडावर. हा सरंजाम कोणी वाटलेला नाही, त्यावर मानक क्रमांक छापलेला नाही. तरी या पुस्तकाचा विषय त्या शर्टात बऱ्यापैकी सामावलेला आहे. काम बाईचे, धोका बाईचा आणि संरक्षण दुसऱ्याच्या मापाचे, उसने आणलेले. शर्टाच्या बाबतीत ते उसने असल्याचे निदान कोणी लपवत नाही. कारखान्याच्या स्टोअरमधून मिळणारे हेल्मेट, सेफ्टी शूज, हातमोजे, मास्क आणि सेफ्टी बेल्ट मात्र 'सर्वांसाठी' म्हणून हातात पडतात.

या विषयात नव्याने शिरणाऱ्या वाचकाची पहिली अडचण अशी, की माप चुकणे म्हणजे थोडी गैरसोय, असे आपण धरून चालतो. कपड्यांच्या दुकानातला तो अनुभव आपण येथेही आणतो. मास्कचे उदाहरण घेतले तर फरक ध्यानात येतो. एन-95 मास्कचे कापड 0.3 मायक्रॉनच्या आसपासचे निदान 95 टक्के कण अडवते. पण हा आकडा कापडाचा आहे, मास्क घातलेल्या माणसाचा नव्हे. श्वास ओढला की हवा सोपी वाट शोधते. नाकाच्या उंचवट्याशी किंवा गालापाशी फट राहिली तर ती कापडातून गाळून येण्याऐवजी फटीतून थेट आत येते, तीही धुळीसकट. म्हणून प्रत्येक चेहऱ्यावर फिट टेस्ट करायची असते: कडवट किंवा गोड चवीचा फवारा सोडून चव लागते का ते पाहायचे, नाहीतर यंत्राने मास्कच्या बाहेरचे आणि आतले कण मोजायचे. अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कसाठी बाहेरचे कण आतल्यांच्या निदान शंभरपट भरावे लागतात. अशा चाचण्यांच्या आढाव्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त वेळा नापास होताना दिसतात आणि काही ठिकाणी आशियाई स्त्रियांचे पहिल्या फेरीत पास होण्याचे प्रमाण 60 टक्क्यांपर्यंत खाली आलेले आहे. त्या शंभरातल्या चाळीस जणींच्या तोंडावर मास्क आहे, नोंदवहीत सही आहे, आणि संरक्षण नाही. या पुस्तकाचा मुख्य मुद्दा हाच आहे. न बसणारे साधन हे कमी प्रतीचे साधन समजू नये, ते साधन दिलेलेच नाही असे समजावे. आणि ते का बसत नाही, याचे उत्तर वापरणारीच्या शरीरात शोधण्याआधी ज्या साच्यावर ते तपासले गेले त्या साच्यात शोधावे.

हा साचा आला कुठून? मास्कच्या बाबतीत त्याचा माग काढता येतो. 1970 च्या दशकात अमेरिकेत लॉस अलामॉस प्रयोगशाळेने चेहऱ्यांच्या मापांचे जे कोष्टक बसवले, ते 1967-68 मध्ये हवाई दलातल्या माणसांची मापे घेऊन. त्यात स्त्रिया अजिबात नव्हत्या असे नाही. पण हवाई दलात भरती होणारी माणसे तरुण, निवडलेली आणि एका विशिष्ट बांध्याची. पुढची तीसेक वर्षे गिरणीतला, खाणीतला, दवाखान्यातला चेहरा त्याच कोष्टकावर तोलला गेला. 2003 मध्ये अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने प्रत्यक्ष मास्क वापरणाऱ्या 3,997 कामगारांची मापे घेतली, तेव्हा जुन्या कोष्टकाबाहेर राहणारे चेहरे किती आहेत ते उघड झाले. हेल्मेटची गोष्टही लष्कराकडूनच येते. पहिल्या महायुद्धातल्या शिरस्त्राणावरून स्फूर्ती घेऊन 1919 मध्ये बुलार्ड कंपनीने खाणकामगारांसाठी टणक टोपी काढली आणि 1933 मध्ये सुरू झालेल्या गोल्डन गेट पुलाच्या कामावर ती सक्तीची झाली. सैनिक, खाणकामगार, पोलादी पुलावर चढणारा गडी: साधनांच्या मूळ कल्पनेत हीच माणसे उभी आहेत.

पण या इतिहासात एक वळण असे आहे, की ज्याची आठवण फारशी काढली जात नाही. दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याचे, विमानांचे कारखाने बायकांनी भरले. तेव्हा अमेरिकेच्या कामगार खात्यातील महिला विभागाने 1941 मध्येच बायकांच्या सुरक्षित पोशाखावर स्वतंत्र पुस्तिका काढली. व्हेरोनिका लेक या नटीने आपली डोळ्यावर झुकणारी प्रसिद्ध केशरचना 1943 मध्ये बदलली, कारण तिची नक्कल करणाऱ्या मुलींचे केस यंत्रात अडकण्याची भीती होती. म्हणजे निकड पडली तेव्हा बाईच्या मापाचा विचार वर्षा-दोन वर्षांत झाला. तंत्र अवघड आहे, वेळ लागेल, बाजार लहान आहे, असली कारणे तेव्हा कोणाला सुचली नाहीत. युद्ध संपले, बायकांना घरी धाडले आणि तो विचारही त्यांच्याबरोबरच घरी गेला. तंत्राची अडचण सांगणाऱ्यांपुढे हा दाखला ठेवावा.

या विषयावर विचार करणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन पंथ दिसतात. पहिला मोजमापवाल्यांचा. हेन्री ड्रेफस या अमेरिकी अभिकल्पकाने विसाव्या शतकाच्या मध्याला 'जो' आणि 'जोसेफीन' ही प्रमाण पुरुष-स्त्री शरीरांची जोडी मापांसह कागदावर उतरवली. गंमत अशी, की जोसेफीन पहिल्यापासून तेथे होती, तरी ज्या पुस्तकाने ही मापे जगभर नेली त्याचे 1960 मधले नाव 'द मेझर ऑफ मॅन' असेच राहिले. दुसरा पंथ औद्योगिक आरोग्यवाल्यांचा. धोका मुळातून काढा, नाहीतर बदला, नाहीतर यंत्राला आवरण घाला, कामाची पद्धत सुधारा, आणि यातले काहीच जमले नाही तर शेवटी कामगाराच्या अंगावर साधन चढवा, ही त्यांची उतरंड. तिसरा पंथ स्त्रीवादी आरोग्य-अभ्यासकांचा: 1977 मध्ये जीन स्टेलमन यांनी आणि पुढे कॅनडाच्या कॅरन मेसिंग यांनी विज्ञानच एका डोळ्याने पाहते हे दाखवून दिले. कॅरोलिन क्रियाडो पेरेझ यांच्या 2019 च्या 'इनव्हिजिबल विमेन'ने हीच गोष्ट सामान्य वाचकापर्यंत नेली. आपल्याकडे इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा 1988 चा 'श्रमशक्ती' अहवाल याच धाग्यातला. असंघटित बायकांच्या कामातले आरोग्याचे धोके त्याने सरकारी कागदावर आणले. हे पंथ एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. मोजमापवाल्याला मजुरीचा दर ठाऊक नसतो आणि चळवळीतल्या कार्यकर्तीला सेफ्टी बेल्टची शिवण कशी उसवते ते ठाऊक नसते. या पुस्तकाला जागा मिळाली ती या दोघांमधल्या मोकळ्या पट्ट्यात.

ती शिवण जरा जवळून पाहण्यासारखी आहे. उंचावर काम करणाऱ्याच्या पाठीवरच्या कडीला जो दोर असतो, त्यात घडी घालून शिवलेली एक पट्टी असते. माणूस पडला, दोर ताणला गेला, की ठरावीक ओढीला ती शिवण टराटर उसवत जाते आणि झटका शोषून घेते. युरोपीय मानकात ही पट्टी 100 किलोचे वजन खाली सोडून तपासतात आणि ओढ 6 किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये असा दंडक आहे. आता पडणारी व्यक्ती 50 किलोची असेल तर शिवण उसवायला ओढ तेवढीच लागते, पण ती निम्म्या वजनाच्या शरीरावर येते; थांबण्याचा हिसका दुपटीहून तीव्र बसतो. अमेरिकी मानकातली साधने साधारण 59 ते 140 किलोच्या वापरकर्त्यासाठी बनतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये भारतीय स्त्रीचे जे संदर्भवजन धरले ते 55 किलो आहे. म्हणजे आपण जिला प्रमाण मानतो, तीच त्या पट्ट्याच्या हिशेबात खालच्या सीमेबाहेर पडते. त्यात छातीवरचा पट्टा स्तनांवर किंवा सरकून थेट गळ्याशी येतो, आणि मांड्यांभोवतीचे पट्टे साडीवर धड बसतच नाहीत. कासोटा घातलेली नऊवारी या कामाला एक वेळ चालेल, पाचवारी नाही. पट्टे आवळता येतात, मग वेगळे माप कशाला, असे विचारणाऱ्याला एवढेच सांगायचे, की आवळल्याने लांबी कमी होते. पट्टा कोठून जातो ते बदलत नाही आणि शिवणीची ओढही बदलत नाही.

बुटांचेही तसेच. बाईचे पाऊल पुरुषाच्या पावलाची लहान आवृत्ती नसते. पंज्याच्या मानाने टाच अरुंद असते. पुरुषाच्या फर्म्यावर बेतलेला लहान नंबर पुढे घट्ट आणि मागे ढिला होतो. साधा बूट वापरून सैलावतो, सेफ्टी शूजमधली 200 ज्यूलचा आघात सोसणारी टोपी सैलावत नाही. मोठा नंबर घेऊन आत दोन मोजे घालायचे, ही सर्रास चालणारी युक्ती. शिडीवर तीच अंगाशी येते. हातमोज्याचे बोट अर्धा इंच लांब असेल तर ते फिरत्या यंत्रात आधी जाते आणि हाताला बरोबर घेऊन जाते. अंबाड्यावर हेल्मेटची आतली जाळी टेकत नाही. हातातल्या बांगड्यांनी आतून मोजा फाटतो. आणि अंगभर एकसंध सूट घातलेल्या बाईला लघवीला जायचे तर तो सगळा उतरवावा लागतो. मग ती सकाळपासून पाणीच पीत नाही. कोविडच्या काळात पीपीई किटमधल्या परिचारिकांनी हे सहा-आठ तासांच्या पाळ्यांत सोसले. जगभरच्या आरोग्यसेवेत सुमारे 70 टक्के स्त्रिया आहेत. तरी किट पुरवताना मोजली गेली ती नगांची संख्या. हा प्रश्न फक्त मजूर बायकांचा आहे असे वाटत असेल तर शस्त्रक्रियागृहात डोकवावे. क्ष-किरणांपासून वाचवणाऱ्या शिशाच्या एप्रनचे बाहीचे भोक मोठे असले, की स्तनाचा काखेकडचा वरचा भाग उघडा राहतो. स्तनाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो तो याच भागात, आणि अमेरिकेतल्या अस्थिशल्यविशारद स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण अपेक्षेहून जास्त आढळले आहे.

हे सगळे आताच का बोलायचे? कारण आपल्या कायद्याची भाषा नुकतीच बदलली आहे. 1948 च्या कारखाने अधिनियमाचे कलम 22 वाचण्यासारखे आहे. चालत्या यंत्राची तपासणी खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने अंगासरशी बसणारे कपडे घालून करावी आणि ते कपडे मालकाने पुरवावेत, असे त्यात लिहिले होते. लगेच पुढच्या उपकलमात चालत्या यंत्राची सफाई करायला स्त्रिया आणि अल्पवयीन यांना मनाई होती. अंगाला बसणारा कपडा ही कल्पना कायद्याला पंचाहत्तर वर्षांपूर्वी पक्की ठाऊक होती. ती पुरुषाच्या वाट्याला आली आणि बाईच्या वाट्याला बंदी. कापूस पिंजण्याच्या खात्यात, रात्रपाळीत, खाणीच्या पोटात, सगळीकडे हाच मार्ग पत्करला गेला. 2019 मध्ये खाणीतल्या बंदीत काही अटींवर सूट मिळाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने स्त्रियांना सर्व आस्थापनांत, सर्व प्रकारच्या कामांवर आणि संमतीने रात्रपाळीतही घेण्याची वाट मोकळी केली, आणि काम धोक्याचे असेल तर नेमणुकीआधी पुरेशी सुरक्षा द्यायला लावण्याचा अधिकार सरकारला दिला. बंदी गेली. तिच्या जागी जे यायचे ते अजून बाजारात नीट मिळत नाही.

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो या विषयाच्या हितचिंतकांकडूनच येतो. बाईचे शरीर वेगळे आहे असे सारखे म्हणत राहिलात तर मालक म्हणेल, मग तिला कामावरच नको. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत बॅटरीच्या कारखान्यांनी शिशाचा गर्भावर परिणाम होतो या सबबीखाली बायकांना चांगल्या पगाराच्या कामांपासून दूर ठेवले होते. 1991 मध्ये जॉन्सन कंट्रोल्स खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. पण या भीतीवर गप्प बसणे हा उपाय होत नाही. शरीर वेगळे आहे हे न बोलल्याने साचा बदलत नाही, फक्त अपघात झाल्यावर 'तिला सवय नव्हती' असे म्हणणे सोपे जाते. दुसरा आक्षेप उतरंडवाल्यांचा: साधन हा शेवटचा उपाय, त्यावर एवढी शाई कशाला? तत्त्व मान्य आहे. पण कचरा वेचणाऱ्या बाईच्या बाबतीत हा शेवटचा उपायच बहुतेक वेळा पहिला आणि एकमेव असतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी गणवेश, चमकते जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क द्यायला सांगितले होते. पुण्यात 1993 पासून संघटित झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत बहुसंख्य बायका आहेत. हातमोजा जाड असेल तर काच आणि प्लास्टिक बोटांना वेगळे कळत नाही आणि पातळ असेल तर सुई आरपार जाते, हा पेच उतरंडीच्या तक्त्यात मावत नाही. खर्चाचा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. जो खरेदीदार पुरुषांच्या बुटांचे सहा-सात नंबर साठ्याला ठेवतो, त्याला आणखी दोन नंबर ठेवल्याने धाप लागू नये. आणि 'आमचे बारके पुरुषही याच त्रासात आहेत' हा मुद्दा आक्षेप म्हणून मांडला जातो खरा, पण तो आमच्याच बाजूचा साक्षीदार आहे: परदेशी फर्म्यावर बेतलेले साधन भारतीय पुरुषालाही पुष्कळदा ढगळच होते.

मापांच्या बाबतीत आपण अगदी रिकाम्या हाताने उभे नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने 1997 मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केलेली भारतीय शरीरमापे प्रसिद्ध केली. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने शेतमजूर स्त्री-पुरुषांची मापे अवजारांसाठी घेतली. निफ्टच्या इंडियासाइझ प्रकल्पात सहा शहरांतल्या सुमारे 25,000 जणांची त्रिमित यंत्राने मापे घ्यायचे ठरले, मात्र ते तयार कपड्यांच्या धंद्यासाठी. ही मापे सुरक्षेच्या मानकांपर्यंत पोहोचवणारी वाट अजून पायवाटच आहे. बाहेरही हे सगळे ताजेच आहे. ब्रिटनच्या कामगार संघटनांच्या महासंघाने 2017 मध्ये सांगितले, की पाहणीतल्या जेमतेम 29 टक्के बायकांचे साधन बायकांसाठी बनवलेले होते. कॅनडात 2022 मध्ये जवळपास 3,000 जणींना विचारले तेव्हा 80 टक्क्यांहून जास्त जणींनी काही ना काही अडचण सांगितली. अंतराळातही हेच: मार्च 2019 मध्ये दोन स्त्रियांनी मिळून करायची पहिली अंतराळफेरी पुढे गेली, कारण अंतराळपोशाखाचे मध्यम मापाचे एकच वरचे कवच तयार होते; ती ऑक्टोबरात झाली. अमेरिकेत बांधकामावरची साधने प्रत्येक कामगाराला नीट बसली पाहिजेत, हे वाक्य नियमात यायला डिसेंबर 2024 उजाडला.

हे पुस्तक उपायांचे हस्तपुस्तक नाही आणि आरोपपत्रही नाही. वेगवेगळ्या कामांतल्या साधनांना हात लावून, ती उलटीसुलटी करून, त्यांचा साचा कोणाचा होता हे विचारणे एवढाच त्याचा खटाटोप आहे. लेखकांमध्ये मतभेद आहेत आणि संपादनात ते घासून गुळगुळीत केलेले नाहीत. सगळ्यात तीव्र मतभेद चुंबळीवरून आहे. बांधकामावर बाईच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेले असते. त्या डोक्यावर हेल्मेट बसूच शकत नाही. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट आहे, पण घमेले वाहणाऱ्या बाईला ते घालायचे तर आधी घमेले उतरवावे लागेल. काहींच्या मते हेल्मेटच वेगळ्या आकाराचे, माथ्यावर चुंबळ टेकेल असे हवे. उतरंड मानणाऱ्यांच्या मते माल वर न्यायला लिफ्ट लावावी आणि डोके मोकळे करावे. त्यावर तिसरा पक्ष विचारतो, की लिफ्ट आल्यावर ती चालवायला कोणाला घेतात, आणि घमेल्यावर रोज मिळवणारी बाई दुसऱ्या दिवशी कोणत्या साइटवर जाते. या पुस्तकात तिन्ही बाजू आहेत आणि तिसरीला उत्तर मिळालेले नाही.